स्फीती आणि कृष्णऊर्जा: जोडणी तपासायची असेल तर मधला काळ तपासा

विश्वाचे प्रसरण दोनदा वेगावले. पहिल्यांदा अगदी आरंभी, सेकंदाच्या कल्पनेत न मावणाऱ्या अंशात; या घटनेला आपण इन्फ्लेशन किंवा स्फीती म्हणतो. दुसऱ्यांदा अलीकडे, सुमारे सहाशे कोटी वर्षांपूर्वी. त्यामागचे कारण ठाऊक नसल्याने त्याला कृष्णऊर्जा हे नाव दिले. दोन्ही वेळी सामान्य सापेक्षतेची समीकरणे एकच मागणी करतात: विश्वात अशी ऊर्जा हवी की जागा वाढली तरी जिची घनता जवळजवळ तेवढीच राहते आणि जिचा दाब ऋण असतो. मग या दोन गोष्टी एकच असतील का, हा प्रश्न कुणालाही पडेल.

मार्च २०२५ मध्ये अ‍ॅरिझोनातील किट पीकवरच्या, दीर्घिकांची अंतरे मोजणाऱ्या ‘डेसी’ सर्वेक्षणाने कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असावी असे संकेत दिले. कृष्णऊर्जा बदलत असेल तर ती विश्वस्थिरांक (म्हणजे कधीच न बदलणारी घनता) नव्हे, एखादे गतिमान क्षेत्र असेल, म्हणजे सगळीकडे पसरलेली आणि काळानुसार बदलणारी राशी. आणि क्षेत्रच असेल तर स्फीती घडवणारे क्षेत्रही तेच का नसावे, अशी विचारांची साखळी आता वारंवार मांडली जाते. ही कल्पना गांभीर्याने घेण्याजोगी आहे. मात्र ‘दोन टोके सारखी दिसतात, म्हणून दोरी एकच’ एवढ्यावर ती स्वीकारणे किंवा वाचकांपुढे शोध म्हणून ठेवणे चूक आहे. या जोडणीचा खरा कस दोन टोकांच्या मधल्या काळात लागतो. त्या काळाबद्दल ठोस आकडे न देणारा दावा विज्ञानाच्या पानावर येऊ नये, आणि सरकारी पैसा मागताना तर मुळीच पुढे करू नये.

आधी दोन टोकांमधले अंतर पाहू. सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या, म्हणजे आरंभीच्या विश्वातून उरलेल्या क्षीण प्रकाशाच्या, ध्रुवणात आदिम गुरुत्वीय लहरींचा (स्फीतीत अवकाशकालात उठलेल्या तरंगांचा) ठसा अजून सापडलेला नाही. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-केक दुर्बिणींनी २०२१ मध्ये त्याचे प्रमाण, म्हणजे ‘आर’ ही राशी, ०.०३६ पेक्षा कमी असल्याचे दाखवले. यावरून स्फीतीच्या वेळची ऊर्जापातळी जास्तीत जास्त १० चा १६ वा घात गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी ठरते (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचे एकक; गिगा म्हणजे शंभर कोटी, मेगा म्हणजे दहा लाख). आजच्या कृष्णऊर्जेची पातळी आहे एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या हजाराव्या भागाच्या दोन-अडीच पट. घनता या पातळीच्या चौथ्या घाताने जाते. त्यामुळे दोन टोकांच्या ऊर्जाघनतेत सुमारे एकावर ११० शून्ये इतका फरक पडतो. एकच क्षेत्र दोन्ही कामे करते असे म्हणायचे तर त्याची स्थितिज ऊर्जा इतकी खाली कोसळली पाहिजे, आणि कोसळून शून्यावर न जाता नेमकी आजच्या आकड्यावर टेकली पाहिजे.

विश्वशास्त्रज्ञ जिम पीबल्स आणि अलेक्झांडर व्हिलेन्किन यांनी १९९९ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडून दाखवले. त्यांच्या क्षेत्राच्या स्थितिज ऊर्जेचा आलेख एका बाजूला चौथ्या घाताने चढणारा, तर दुसऱ्या बाजूला चौथ्या घाताने उतरत जाणारी लांब शेपटी असलेला होता. चढावर स्फीती, शेपटीवर कृष्णऊर्जा. हे मूळ रूप आज मोडीत निघाले आहे. चौथ्या घाताच्या स्फीतीत ‘आर’ सुमारे ०.२७ येतो, म्हणजे निरीक्षणाच्या मर्यादेच्या सातपटीहून अधिक. एखादे प्रारूप असे स्पष्टपणे बाद होणे ही मी त्याची जमेची बाजू मानतो. त्याने आकडा दिला होता, म्हणून ते बाद करता आले.

नंतरच्या प्रारूपांनी चढाच्या जागी पठार आणले. पठारावर स्फीती, मग कडा, आणि कड्याखाली दुसरे, फार खालचे पठार. यात एक आकर्षक सोय आहे. आलेख घातांकी असेल तर एकावर ११० शून्यांचा फरक घातांकातल्या सुमारे २५० या आकड्यातून येतो. काही प्रारूपांत १२५ च्या आसपासचा एकच स्थिरांक ठेवला की काम भागते. ११० शून्यांची अडचण तीन अंकी झाली, हे ऐकायला बरे वाटते. पण तो १२५ हा आकडा कुठल्या सिद्धांतातून आपोआप येत नाही. आज मोजलेली कृष्णऊर्जा पाहून तो बसवला जातो. अडचण सुटली नाही, लहान अक्षरांत लिहिली गेली.

आता मधल्या काळाकडे येऊ. नेहमीच्या स्फीतीत क्षेत्र शेवटी एका खळग्यात उतरते, तिथे हेलकावे खाते, आणि त्या हेलकाव्यांची ऊर्जा कणांत उतरून विश्व तापते. दोन्ही कामे एकाच क्षेत्राला देणाऱ्या एकत्रित प्रारूपात खळगा ठेवताच येत नाही. क्षेत्र खळग्यात संपले तर आज कृष्णऊर्जा व्हायला उरणार कोण? म्हणून कड्यावरून सुटलेले क्षेत्र केवळ गतिज ऊर्जेवर धावत राहते. या अवस्थेत त्याची घनता विश्वाच्या आकाराच्या सहाव्या घाताने घटते. प्रारणाची, म्हणजे प्रकाश आणि अतिवेगवान कणांची, घनता चौथ्या घाताने घटते, पदार्थाची तिसऱ्या. सुरुवातीला प्रारण नगण्य असले तरी शर्यत तेच जिंकते, कारण क्षेत्र त्याच्यापेक्षा फार लवकर विरते.

पण ते सुरुवातीचे थोडे प्रारण आणायचे कुठून? कसलीही वेगळी जोडणी न मानता मिळणारा एक स्रोत आहे: स्फीती संपताना अवकाशकालाची भूमिती झपाट्याने बदलते, आणि त्या बदलातूनच कण निर्माण होतात. हे गुरुत्वीय तापन. त्याचा ढोबळ हिशेब असा. निर्माण झालेली प्रारण-ऊर्जा क्षेत्राच्या ऊर्जेच्या लाख कोटीत एक भाग असते. दोघांच्या प्रमाणातला फरक आकाराच्या वर्गाने भरून निघतो, म्हणजे प्रारणाचे राज्य यायला विश्व दहा लाख पट मोठे व्हावे लागते. तेव्हाचे तापमान (तेही ऊर्जेच्याच एककात मोजतात) दहा लाख ते एक कोटी गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात येते. पहिल्या काही मिनिटांत हेलियम तयार होण्यासाठी विश्व काही मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टला प्रारणाने भरलेले असावे लागते. तिथवर भरपूर अवकाश आहे. इथपर्यंत सगळे सुरळीत दिसते.

बिघडते ते गुरुत्वीय लहरींमुळे. स्फीतीत तयार झालेल्या या लहरींची ऊर्जा नेहमीच्या इतिहासात सर्व वारंवारतांवर जवळपास सपाट असते, आजच्या एकूण घनतेच्या १० चा -१७ वा घात किंवा त्याहून कमी. गतिज अवस्थेत मात्र पार्श्वभूमीची ऊर्जा सहाव्या घाताने विरत असताना लहरींची चौथ्या घातानेच विरते, त्यामुळे त्यांचा सापेक्ष वाटा वाढत जातो. जितकी वारंवारता जास्त, तितकी वाढ जास्त, अगदी समप्रमाणात. वरच्या हिशेबात ही वाढ ०.१ हर्ट्झच्या आसपास सुरू होते आणि दहा हजार कोटी हर्ट्झपर्यंत जाते. म्हणजे लाख कोटीपट वाढ. १० चा -१७ वा घात थेट -५ व्या घातावर पोचतो. एवढी ऊर्जा आरंभीच्या विश्वात असती तर न्यूट्रिनोंच्या (कशाशीही फारशी आंतरक्रिया न करणाऱ्या अतिहलक्या कणांच्या) अर्ध्यापासून दोनपर्यंत जास्तीच्या जाती असाव्यात इतका परिणाम प्रसरणावर, आणि म्हणून हेलियमच्या प्रमाणावरही, झाला असता. सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाने जातींची ही संख्या २.९९ मोजली, चूक ०.१७, प्रमाणित सिद्धांत ३.०४४ सांगतो. तिथे जास्तीच्या अर्ध्या जातीलाही जागा नाही.

या अडचणीचे एक महत्त्वाचे काम पुण्यात झाले आहे. २००१-०२ च्या सुमारास आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील वरुण साहनी आणि तरुण सौरदीप यांनी एम. सामी यांच्यासह, तीव्र उताराचे एकच क्षेत्र स्फीती आणि कृष्णऊर्जा दोन्ही घडवत असेल तर गुरुत्वीय लहरींचा वर्णपट वरच्या वारंवारतांकडे चढत जातो आणि तो चढच अशा प्रारूपांवर कडक बंधने घालतो, हे दाखवले. या विषयावर लिहिताना आपल्याकडे हा संदर्भ क्वचितच येतो, याची खंत वाटते. दोन टोके जोडण्याची कल्पना मांडणे एक काम, आणि ती जोडणी कुठे तुटते ते आकड्यांत सांगणे दुसरे. दुसरे अधिक कष्टाचे.

पीबल्स आणि व्हिलेन्किन यांनाही ही अडचण दिसली होती. त्यांचा उपाय होता की आरंभी शंभरेक वेगवेगळी क्षेत्रे मानावीत, म्हणजे तापनातली बहुतेक ऊर्जा त्यांना मिळेल आणि गुरुत्वीय लहरींचा वाटा पातळ होईल. नंतर आलेला पर्याय असा: धावणारे क्षेत्र दुसऱ्या एका क्षेत्राशी जोडायचे, म्हणजे कडा ओलांडतानाच कणांचा मोठा लोंढा सुटतो. तापन कार्यक्षम झाले, समजा प्रारणाचे राज्य यायला विश्व फक्त शंभरपट वाढावे लागले, तर लहरींची वाढ दहा हजारपटीवर थांबते. -१७ चा -१३ होतो आणि हेलियमला धक्का लागत नाही.

मात्र इथे या प्रारूपाची खरी गंमत, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल, समोर येते. एक धागा ओढला की बाकीचे हलतात. गतिज अवस्थेत विश्वाचा आकार ई-पट (सुमारे २.७२ पट) झाला की क्षेत्र २.४५ प्लांक वस्तुमानांइतके (क्षेत्राचे मूल्य मोजण्याचे एकक) सरकते. दहा लाखपट वाढीत ते सुमारे ३४ प्लांक वस्तुमाने पार करते. शंभरपट वाढीत जेमतेम ११. नंतर प्रारणाचे राज्य आले की आणखी दोनतीन पावले टाकून प्रसरणाच्या घर्षणाने ते गोठते, आणि गोठलेल्या ठिकाणची उंची म्हणजेच आजची कृष्णऊर्जा. म्हणजे विश्व किती लवकर तापले यावर आज कृष्णऊर्जा किती, हे ठरते. लवकर तापवा, तर क्षेत्र कमी अंतर जाते आणि तेवढ्यातच ११० शून्यांची उतरंड बसवायला कडा अधिक उभा करावा लागतो. शिवाय कड्याखाली लगेच सपाट जागा हवी, नाहीतर आजचे प्रसरण वेगावणारच नाही. उशिरा तापवा, तर लहरी हेलियमचे गणित बिघडवतात. आणि ३४ प्लांक वस्तुमानांइतक्या लांबीवर आपल्या समीकरणांचा आकार तसाच टिकेल, याचीही हमी देता येत नाही.

तिसरा धागा सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीचा. गतिज अवस्था लांबली तर आज दिसणारे आकाश स्फीतीच्या थोड्या आधीच्या क्षणाशी जुळते. वरच्या पहिल्या हिशेबात हा फरक सुमारे ७ ई-फोल्डचा आहे (एक ई-फोल्ड म्हणजे आकार एकदा ई-पट होणे). पठारी स्फीतीत घनतेतील चढउतारांचा कल (लहान आणि मोठ्या अंतरांवर त्यांची तीव्रता कशी बदलते ते) एकातून दोन भागिले ई-फोल्ड वजा केल्यावर मिळतो: ५५ ला ०.९६३६, ६२ ला ०.९६७७. कार्यक्षम तापनात फरक दोनच ई-फोल्डचा राहतो आणि कल ०.९६५ ला येतो. प्लांकने मोजलेला कल ०.९६५ आहे, चूक ०.००४. मार्च २०२५ मध्ये चिलीतील अटाकामा दुर्बिणीने प्लांक आणि डेसी यांच्यासह ०.९७४ दिला, चूक ०.००३. यावरून काहींनी एकत्रित प्रारूपाला अनुकूल पुरावा मिळाला असा सूर लावला. घाई नको. डेसीचे अंतरमापन वगळले की तोच आकडा ०.९७१ कडे उतरतो. आणि डेसीची अंतरे सूक्ष्मलहरींच्या अंतरांशी पुरती जुळत नाहीत, हा वाद अजून मिटलेला नाही. दोन न जुळणाऱ्या मापांना एकत्र बांधून आलेल्या आकड्यावर इमारत उभी करू नये.

डेसीचेही तसेच. डेसीने १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रे) मोजले. सूक्ष्मलहरींसह बदलत्या कृष्णऊर्जेला ३.१ सिग्मा इतका कौल मिळाला (हा आकडा जितका मोठा, तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी). अंतरे मोजायला वापरल्या जाणाऱ्या सुपरनोव्हांचा (स्फोट पावलेल्या ताऱ्यांचा) कुठला संच जोडता यावर तो २.८ पासून ४.२ पर्यंत हलतो. हा उतारचढावच सांगतो की सुपरनोव्हांच्या तेजाच्या अंशशोधनातली लहानशी चूकही इथे निर्णायक ठरते. शिवाय डेसीच्या सर्वोत्तम जुळणीत कृष्णऊर्जेचा दाब-घनता भागफल पूर्वी उणे एकच्या खाली होता आणि अलीकडे वर आला. साध्या एकट्या क्षेत्राला हे अशक्य आहे: त्याचा भागफल उणे एकच्या खाली जाऊच शकत नाही. म्हणजे जुळणी शब्दशः घेतली तर डेसीचा निकाल एकत्रित प्रारूपाच्या बाजूचा नाही, विरोधातला आहे! यावर उत्तर असे दिले जाते की ही जुळणी आकारमानाच्या सरळ रेषेत बदलणारा भागफल गृहीत धरते. गोठलेले क्षेत्र अलीकडेच वितळू लागले असेल तर त्याचा वक्र या रेषेत बसवताना भूतकाळात रेषा उणे एकच्या खाली जाते, क्षेत्र जात नाही. हे उत्तर खरे आहे. पण मग क्षेत्राचा खरा वक्र थेट माहितीवर बसवून दाखवावा, रेषेच्या आकड्यांवर मथळे करू नयेत.

दोन आक्षेप थोडक्यात. आज वितळणाऱ्या क्षेत्राच्या कणाचे वस्तुमान १० चा -३३ वा घात इलेक्ट्रॉनव्होल्ट इतके क्षुल्लक असावे लागते, आणि इतके हलके क्षेत्र साध्या पदार्थाशी थोडे जरी जोडलेले असले तर ज्ञात चार बलांपलीकडच्या पाचव्या बलासारखे जाणवले असते. फ्रान्सच्या मायक्रोस्कोप उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या पतनात १० चा -१५ वा घात इतक्या बारकाईपर्यंत फरक शोधला, तो मिळाला नाही. म्हणजे आरंभी विश्व तापवण्याइतके जोडलेले क्षेत्र आज पदार्थाला स्पर्शही करता कामा नये. दुसरा आक्षेप मुळातला: निर्वाताची, म्हणजे रिकाम्या जागेची, स्वतःची ऊर्जा शून्य का, हे ही प्रारूपे सांगत नाहीत, ती शून्य आहे असे धरूनच पहिली ओळ लिहितात.

मग यावर काम थांबवावे का? मुळीच नाही. फ्रेड हॉईल आणि जयंत नारळीकर यांनी १९६०च्या दशकात स्थिरस्थिती विश्वाला (जे सर्वकाळ सारखेच दिसते) नवा पदार्थ निर्माण करणाऱ्या सी-क्षेत्राचा आधार दिला, तेव्हा त्या विश्वाचे प्रसरण वेगावत जाते हे स्पष्ट भाकीत होते. सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीपुढे तो सिद्धांत टिकला नाही, पण काय दिसले तर आपण हरलो, हे त्यात आधीच लिहिलेले होते. एकत्रित प्रारूपाकडून मला एवढीच अपेक्षा आहे, आणि ते ती पुरी करू शकते. चार वेगवेगळ्या मापांना एकमेकांशी बांधणारी प्रारूपे विश्वशास्त्रात फार नाहीत. म्हणून दावा करणाऱ्याने चार आकडे एकाच ओळीत द्यावेत: तापनाचे तापमान, चढउतारांचा कल, न्यूट्रिनोंच्या जातींची जास्तीची संख्या, आणि आजचा दाब-घनता भागफल. तीन सोयीचे देऊन चौथा झाकला, तर संपादकाने लेख परत पाठवावा.

पैशाचा प्रश्नही इथेच येतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. ही वेधशाळा हवीच: कृष्णविवरे आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींसाठी, आकाशातली त्यांची जागा नेमकी ठरवण्यासाठी. पण स्फीती आणि कृष्णऊर्जेचा दुवा ती शोधेल, असे सांगून तिचे समर्थन करू नये. वरच्या हिशेबात १०० हर्ट्झला लहरींची ऊर्जा १० चा -१४ वा घात इतकी येते. लायगोच्या पट्ट्यात आजची मर्यादा -८ आणि -९ व्या घातांच्या दरम्यान आहे. आणि तिथे दिसण्याइतका चढ मानला तर वरच्या वारंवारतांवर हेलियमचे बंधन केव्हाच मोडलेले असेल. जून २०२३ मध्ये स्पंदतारे मोजणाऱ्या गटांनी नॅनोहर्ट्झ लहरींचा पुरावा दिला. त्यात खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची मापे वापरणारा भारतीय गटही आहे. तो ठसाही या चढाचा असू शकत नाही: -९ व्या घातापासून समप्रमाणात वर चढत गेले तर लायगोपर्यंत पोचण्याआधीच लहरींची ऊर्जा विश्वाच्या एकूण ऊर्जेला मागे टाकेल.

परीक्षा घेता येईल ती सूक्ष्मलहरींच्या आकाशात. न्यूट्रिनोंच्या जातींची संख्या ०.०५ इतक्या चुकीत मोजली आणि कल तिसऱ्या दशांशस्थळी पक्का केला, तर गतिज अवस्था किती लांबू शकते हे बऱ्याच अंशी ठरेल. चिलीतील सायमन्स वेधशाळेचे लक्ष्य त्याच्या जवळ आहे. पुढचा मोठा भूस्थित प्रकल्प, सीएमबी-एस४, त्याला मात्र २०२५ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने आणि राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने पाठिंबा थांबवला. भारतीय शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये इस्रोपुढे सीएमबी-भारत या उपग्रहाचा प्रस्ताव ठेवला होता. ज्या देशातल्या एका संस्थेने पंचवीस वर्षांपूर्वी या जोडणीची नस पकडून दाखवली, त्या देशाने हे आकाश स्वतः मोजायला हवे. त्यासाठी पहिल्या टप्प्यात लागतील ते २० ते ९०० गिगाहर्ट्झपर्यंतच्या अनेक पट्ट्यांतले, परमशून्याच्या अंशभर वर थंड ठेवलेले हजारो संवेदक, आणि आपल्याच आकाशगंगेतील धुळीचे ध्रुवण वेगळे काढण्याची चोख पद्धत. संवेदक आणि ते थंड ठेवणारी यंत्रणा देशात बनवण्याचे काम उपग्रहाला मंजुरी मिळण्याची वाट न पाहता आजच सुरू करता येते.